पाहायला शिकलेला विद्यार्थी : सॅम्युएल हबर्ड स्कडर

आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी मुख्याध्यापिकेने एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. प्रथम मनात आली ती आपल्या सर्वांच्या परिचयाची, भिंतीवरील तसबिरींतून रोज आपल्याकडे पाहणारी नावे. त्यांच्याविषयी या ग्रंथात अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. मी निवडलेले नाव आपल्यापैकी बहुतेकांना अपरिचित असेल. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ सॅम्युएल हबर्ड स्कडर हे ते नाव. कीटकशास्त्राच्या जगात ते फार मोठे मानले जाते, आणि शिक्षणशास्त्राच्या जगात त्यांच्या विद्यार्थिदशेतील एका प्रसंगामुळे ते अजरामर झाले आहे. बी.एड.च्या वर्गात मी तो प्रसंग प्रथम ऐकला, तेव्हा तो मला केवळ गमतीचा वाटला होता. आज तीन दशकांच्या अध्यापनानंतर त्याचा अर्थ थोडाफार उमगू लागला आहे.

स्कडर यांचा जन्म १३ एप्रिल १८३७ रोजी बोस्टन येथे झाला. वडील व्यापारी होते. घरातील वातावरण धर्मनिष्ठ, शिस्तीचे आणि ग्रंथप्रेमी होते. थोरले बंधू डेव्हिड धर्मोपदेशक झाले, धाकटे बंधू होरेस पुढे नामवंत संपादक व लेखक म्हणून प्रसिद्धीस आले. मधल्या सॅम्युएलला विल्यम्स महाविद्यालयात शिकत असतानाच फुलपाखरांचे वेड लागले. १८५७ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी कीटकांच्या अभ्यासालाच आयुष्य वाहण्याचा निश्चय केला आणि ते हार्वर्ड येथे प्राध्यापक लुई अ‍ॅगासीझ यांच्याकडे दाखल झाले.

अ‍ॅगासीझ हे मूळचे स्वित्झर्लंडचे. अश्मीभूत माशांचा अभ्यास आणि हिमयुगाची कल्पना यांमुळे त्यांची कीर्ती युरोप-अमेरिकेत पसरली होती. नव्या विद्यार्थ्याची विचारपूस करून त्यांनी अभ्यास केव्हा सुरू करायचा असे विचारले. तरुण स्कडर यांनी आत्ताच, असे उत्साहाने सांगितले. तेव्हा गुरूंनी फडताळातून मद्यार्कात बुडवलेला एक मासा काढला, तो पत्र्याच्या थाळीत ठेवला आणि याच्याकडे पाहत राहा, काय दिसले ते नंतर विचारीन, असे सांगून ते निघून गेले. कीटकांसाठी आलेल्या विद्यार्थ्यापुढे मासा!

दहा मिनिटांत आपण या माशात पाहण्यासारखे सारे पाहिले, असे स्कडर यांना वाटले. ते गुरूंना शोधू लागले. गुरू संग्रहालयातून केव्हाच बाहेर पडले होते. अर्धा तास गेला, एक तास गेला, आणखी एक तास गेला. माशाला इकडून पाहिले, तिकडून पाहिले. भिंग वापरण्याची परवानगी नव्हती, कोणतेही उपकरण हाती घ्यायचे नव्हते. फक्त दोन हात, दोन डोळे आणि तो मासा. कंटाळून त्यांनी त्याच्या तोंडात बोट घालून दात चाचपले, खवल्यांच्या रांगा मोजल्या. शेवटी काही सुचेना म्हणून ते माशाचे चित्र काढू लागले, आणि आश्चर्य असे की पेन्सिल चालू लागताच न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. नेमके त्याच वेळी परतलेल्या गुरूंना ते आवडले. पेन्सिल हाही एक उत्तम डोळाच असतो, असा त्यांचा अभिप्राय होता. मात्र विद्यार्थ्याने केलेले वर्णन ऐकून त्यांची निराशा झाली. माशाचे सर्वांत ठळक लक्षण याने पाहिलेलेच नाही, असे सांगून त्यांनी त्याला पुन्हा थाळीपुढे बसवले.

त्या रात्री मासा समोर नसताना स्कडर विचार करीत राहिले. सकाळी त्यांनी भीत भीत विचारले, की माशाच्या दोन्ही बाजू सारख्या असून अवयव जोडीजोडीने आहेत, हेच ते लक्षण असेल का. गुरू प्रसन्न झाले. आता पुढे काय करू, असे विचारल्यावर उत्तर मिळाले ते पुन्हा माशाकडे पाहण्याचेच! असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याच कुळातील दुसरा मासा शेजारी ठेवला गेला आणि साम्य कोणते, भेद कोणते हे शोधण्यास सांगितले गेले. मग तिसरा, मग चौथा. माशांचा हा अभ्यास आठ महिने चालला. पुढे कीटकांच्या अभ्यासात घालवलेल्या अनेक वर्षांपेक्षा ते आठ महिने आपल्याला अधिक मोलाचे वाटतात, असे स्कडर यांनी १८७४ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात नमूद केले आहे.

या शिदोरीवर त्यांचे पुढचे आयुष्य उभे राहिले. १८६२ मध्ये त्यांनी हार्वर्डची पदवी घेतली आणि बोस्टनच्या निसर्गेतिहास संस्थेच्या सचिवपदाची धुरा उचलली. त्याच वर्षी दोन घटना घडल्या. एकीने त्यांच्या हृदयावर घाव घातला, दुसरीने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली.

पहिली घटना आपल्या देशात घडली. थोरले बंधू डेव्हिड १८६१ मध्ये अमेरिकेहून मदुरा येथील मिशनच्या कामासाठी आले होते. त्यांनी मनापासून तमिळचा अभ्यास आरंभला आणि पेरियाकुलम येथे मुक्काम केला. १८६२ च्या नोव्हेंबरात पुराने फुगलेली वैगई नदी ओलांडताना ते बुडाले. वय अवघे सत्तावीस. धाकट्या होरेस यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. वेल्लोरच्या रुग्णालयामुळे स्कडर हे आडनाव दक्षिण भारतात परिचित आहे. ती शाखा निराळी. पण या स्कडर कुटुंबाचाही एक मुलगा भारताच्या मातीत राहिला आहे, हे आपल्यासारख्या भारतीय वाचकांनी लक्षात ठेवावे.

दुसरी घटना कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, सेंट जॉन शहराजवळच्या समुद्रकाठी घडली. तेथील काळ्या खडकांत अश्मीभूत नेच्यांचे ठसे विपुल मिळत. चार्ल्स फ्रेडरिक हार्ट हा अ‍ॅगासीझ यांचाच आणखी एक शिष्य ते गोळा करीत असताना नेच्यांच्या पानांमध्ये त्याला काही वेगळेच ठसे दिसले. त्या पानांच्या शिरा नव्हत्या, कीटकांच्या पंखांच्या शिरा होत्या. हे नमुने अभ्यासासाठी स्कडर यांच्या हाती आले आणि नामशेष कीटकांचे विश्व त्यांच्यापुढे उलगडू लागले.

येथे क्षणभर थांबून, पंखच का मिळतात हे समजून घेतले पाहिजे. कीटक मेला की त्याचे मऊ शरीर कुजते, किंवा मासे आणि पक्षी ते खाऊन टाकतात. पंखात खाण्यासारखे काही नसते. तो सपाट, हलका आणि कायटिन नावाच्या चिवट द्रव्याचा असतो. पाण्यावर तरंगत तरंगत तो तळाच्या गाळात बसतो, वर गाळाचे नवे थर साचत जातात आणि कोट्यवधी वर्षांनी त्या गाळाचा दगड होतो. दगड फोडला की दोन पृष्ठभागांवर पंखाची छाप आणि तिची प्रतिछाप मिळते. आपण लहानपणी पिंपळाचे पान वहीत ठेवीत असू. हिरवा भाग निघून जाई आणि शिरांची जाळी तेवढी उरे. प्राचीन पंखाचे दगडातील रूप काहीसे तसेच असते. ती जाळीही मनमानी नसते. केळीच्या पानाच्या शिरा पिंपळाच्या पानाच्या शिरांहून निराळ्या, तशा चतुराच्या पंखाच्या शिरा झुरळाच्या पंखाच्या शिरांहून निराळ्या. कोणती शीर कोठून निघते, किती फाटे फोडते, कोठे वळते, कोणत्या आडव्या शिरेला मिळते, यावरून कुळ ओळखता येते.

मात्र ओळखण्याचे हे काम अतिशय जिकिरीचे आहे. हाती बहुधा पूर्ण पंख नसतो, तुकडाच असतो. प्रथम त्याची पुढची कड कोणती हे ठरवावे लागते. तेथे शिरा जाड असून दाटीने असतात. मग मुळाकडची बाजू, मग उजवा की डावा, पुढचा की मागचा. त्यानंतर जेवढा भाग शिल्लक आहे तेवढ्याचे मोजमाप, शिरांची मोजदाद, भिंगाखाली काढलेले काटेकोर चित्र, आजवर वर्णन झालेल्या जातींशी तुलना. आणि एवढे करूनही तो कशाशीच जुळला नाही, तरच नवे नाव. ज्या दगडावरून वर्णन केले तो दगड संग्रहालयात जपून ठेवायचा असतो. पुढे कोणालाही शंका आली, तर त्याने मूळ नमुना काढून स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहावा, यासाठी ही व्यवस्था. थाळीतल्या माशापुढे तीन दिवस बसलेल्या विद्यार्थ्यासाठी याहून योग्य काम कोणते असणार?

न्यू ब्रन्सविकच्या पंखांपैकी एक चतकोर तुकडा एका अजस्र कीटकाचा होता. त्याच्या पंखांचा विस्तार पाच इंचांहून अधिक असावा, असा अंदाज स्कडर यांनी केला आणि त्याला प्लॅटेफेमेरा असे नाव दिले. दुसऱ्या, लहानशा पंखाला त्यांनी झेनोन्यूरा म्हटले. या दुसऱ्या पंखाच्या मुळाशी त्यांना काही वक्र रेषा दिसल्या. रातकिड्याच्या पंखावर असते तसे, आवाज काढण्याचे हे साधन असावे असे त्यांनी अनुमान केले. हे खडक डेव्होनियन कालखंडातील मानले जात होते, म्हणजे ते जगातील त्या वेळी ज्ञात असलेले सर्वांत प्राचीन कीटक ठरत होते. पृथ्वीवर पहिल्यांदा गाणारा प्राणी सापडला, अशी ती बातमी होती. चार्ल्स डार्विन यांनी मानवाच्या उत्पत्तीविषयीच्या १८७१ च्या आपल्या ग्रंथात स्कडर यांच्या या शोधाचा उल्लेख केला. चौतिशीतील संशोधकाला याहून मोठा सन्मान कोणता?

आणि ते अनुमान चुकीचे होते. ज्याला गाण्याचे साधन मानले, ते तसे नव्हते, हे पुढील अभ्यासात स्पष्ट झाले. स्कडर यांनी १८८० मध्ये या कीटकांवर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, हार्वर्डच्याच संग्रहालयातील ज्येष्ठ कीटकशास्त्रज्ञ हर्मन हेगन यांनी त्याच पंखांचा अर्थ निराळा लावून त्यावर जाहीर टीका केली. एकाच गावातले दोन विद्वान एकाच दगडापुढे उभे राहून दोन निराळ्या गोष्टी पाहत होते. खडकांच्या वयाचा समजही पुढे टिकला नाही. १९१४ मध्ये मेरी स्टोप्स यांनी तेथील अश्मीभूत वनस्पतींचा नव्याने अभ्यास करून हे थर डेव्होनियन नव्हे, तर त्यानंतरच्या, दगडी कोळशाच्या कालखंडातील आहेत, असे दाखवून दिले. म्हणजे त्यांचे वय सुमारे एकतीस कोटी वर्षे. संततिनियमनाच्या प्रसारामुळे पुढे जगभर गाजलेल्या मेरी स्टोप्स या मूळच्या अशा पुरावनस्पतिशास्त्रज्ञ होत्या.

या प्रसंगाकडे कसे पाहावे? स्कडर यांनी रेषा पाहिल्या, त्या खऱ्याच होत्या. त्यांनी काढलेले चित्र खरे, त्यांनी दिलेली मापेही खरी. पाहण्याकडून ते अर्थाकडे गेले त्या एका पावलात ते घसरले, आणि त्या पावलावर कीर्तीचा मोह असतो. पण त्यांनी दगड जपून ठेवला होता, चित्र प्रसिद्ध केले होते, कोणती रेषा कोठे आहे हे लिहून ठेवले होते. म्हणूनच दुसऱ्याला त्यांची चूक दाखवता आली. चूक शोधता येईल अशा रीतीने काम करणे, ही विद्वत्तेची सर्वांत मोठी सचोटी होय असे मला वाटते. गणितात केवळ उत्तर न लिहिता पायऱ्या लिहा, असे आपण मुलांना सांगतो, त्याचे मर्म हेच नाही का?

 १८७५ मध्ये त्यांनी अश्मीभूत फुलपाखरांवर ग्रंथ लिहिला, १८७९ मध्ये कोळशाच्या काळातील झुरळांचा समग्र आढावा घेतला. झुरळांचे पुढचे पंख जाड व चिवट असल्याने कोळशाच्या खाणींत ते इतरांपेक्षा अधिक सापडतात. आपल्या स्वयंपाकघरातील या अप्रिय पाहुण्याचे पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीत वावरत होते, ही गोष्ट गृहिणींना समाधान देणारी नसली तरी विस्मयाची खरीच! शिरांच्या लहानसहान फरकांवरून स्कडर यांनी अनेक जाती वेगळ्या केल्या. एकाच जातीतील दोन किड्यांच्या, किंबहुना एकाच किड्याच्या दोन पंखांच्या शिरांतही फरक असू शकतो, हे ध्यानात आल्यावर नंतरच्या अभ्यासकांनी त्या काळच्या कित्येक जाती एकत्र केल्या. भेद पाहणे आणि त्या भेदाचे वजन ठरवणे, ही दोन निराळी कौशल्ये आहेत.

त्यांच्या जीवनातील सर्वांत तेजस्वी अध्याय कोलोरॅडो राज्यातील फ्लोरिसंट या डोंगराळ गावी घडला. सुमारे तीन कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी तेथे एक सरोवर होते. जवळच्या ज्वालामुखीची राख पुनःपुन्हा त्यात पडे आणि पाण्यात पडलेले कीटक, पाने, फुले त्या बारीक थरांत दडपली जात. आज तो खडक पुस्तकाच्या पानांसारखा उलगडतो. १८७७ च्या उन्हाळ्यात स्कडर तेथे अवघे काही दिवस गेले, पण त्यांना मिळालेला खजिना आयुष्यभर पुरला. फ्लोरिसंटच्या सहाशेच्या आसपास जातींचे वर्णन त्यांनी केले. उत्तर अमेरिकेच्या या काळातील कीटकांवरील त्यांचा सातशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला.

या कामात त्यांना एका शेतकरी स्त्रीचे साहाय्य झाले. शार्लट हिल असे तिचे नाव. फ्लोरिसंटला तिच्या कुटुंबाची वस्ती होती. घरचा संसार, मुलेबाळे, शेती-गुरे सांभाळून ती आपल्या जमिनीतील दगड उलगडी आणि त्यात सापडलेले नमुने संशोधकांना देई. तिच्याच हाती एक दिवस असे फुलपाखरू लागले, की त्याच्या तोडीचा नमुना तोवर मिळालेला नव्हता. चारही पंख पसरलेले, त्यांवरील नक्षीच्या छटा शाबूत, मिशासुद्धा दिसणाऱ्या. स्कडर यांनी १८७८ मध्ये त्याचे वर्णन केले आणि नाव ठेवले प्रोड्रायस पर्सेफनी. पर्सेफनी ही ग्रीक पुराणातील कन्या. पाताळाच्या राजाने तिला पळवून नेले, पण प्रत्येक वसंतात ती पृथ्वीवर परत येते. आपली सीता भूमीच्या पोटात गेली ती परतली नाही; या फुलपाखराला मात्र भूमीने परत दिले, म्हणून हे नाव किती समर्पक! ते फुलपाखरू आज हार्वर्डच्या संग्रहालयात आहे. शार्लटबाईंच्या नावाने एका अश्मीभूत गुलाबाचे नामकरण लेओ लेस्क्रू या शास्त्रज्ञाने केले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या एका गृहिणीचे नाव शास्त्राच्या पानांत असे कायमचे नोंदले गेले.

या संदर्भात आपल्या नागपूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात, नागपूरजवळ टाकळी येथे, स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याला अश्मीभूत भुंगेऱ्यांचे अवशेष सापडले. तेही पंखांचेच होते, म्हणजे भुंगेऱ्याच्या पाठीवरील कठीण झालेल्या पुढच्या पंखांचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या अवशेषांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केले आणि त्यांतील एका जातीला हिस्लॉप यांचे नाव दिले. योगायोग असा की, डेव्हिड स्कडर वैगईत बुडाले त्यानंतर वर्षाच्या आतच, सप्टेंबर १८६३ मध्ये, टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात हिस्लॉप यांचाही अंत झाला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात शिकलेले आपले काही माजी विद्यार्थी हे वाचत असतील. आपल्या महाविद्यालयाच्या नावामागे एका भुंगेऱ्याचा पंखही आहे, हे त्यांना ठाऊक असेल का?

स्कडर यांचे अन्य कार्यही थक्क करणारे आहे. पूर्व अमेरिकेतील फुलपाखरांवरचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १८८९ मध्ये पूर्ण झाला. टोळ आणि नाकतोडे यांच्या कुळाचे ते मोठे जाणकार होते. हार्वर्डच्या ग्रंथालयात त्यांनी काम केले. जगातील वैज्ञानिक नियतकालिकांची सूची, प्राण्यांच्या प्रजातींच्या नावांचा कोश, जगभरातील ज्ञात अश्मीभूत कीटकांची १८९१ ची सूची, अशी दुसऱ्यांना उपयोगी पडणारी नीरस कामे त्यांनी हौसेने केली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या पाठबळाने १८८३ मध्ये नव्या रूपात सुरू झालेल्या ‘सायन्स’ या साप्ताहिकाचे ते पहिले संपादक. १८५८ ते १९०२ या काळात त्यांचे ७९१ लेख व ग्रंथ प्रसिद्ध झाले.

या साऱ्या कामामागे घरचे दुःख होते, ते त्यांनी कधी पुढे येऊ दिले नाही. १८६७ मध्ये विवाह झाला आणि पाचच वर्षांत पत्नीचे निधन झाले. एकुलत्या एका मुलाला त्यांनी वाढवले. वैद्यकाचे शिक्षण घेत असलेला तो तरुण १८९६ मध्ये क्षयाने गेला. त्याच सुमारास कंपवाताने स्वतः स्कडर यांना ग्रासले. ज्या हाताने शिरेची शीर काढली, तो हात थरथरू लागला. पेन्सिल हा ज्यांचा तिसरा डोळा होता, त्यांचा तो डोळा हळूहळू मिटत गेला. त्यांनी आपला संग्रह हार्वर्डच्या संग्रहालयाच्या स्वाधीन केला. शेवटची वर्षे अंथरुणाला खिळून काढल्यावर १७ मे १९११ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी फ्रँक कार्पेंटर नावाच्या एका अमेरिकन मुलाने पुस्तकात पर्सेफनी फुलपाखराचे चित्र पाहिले आणि त्याने अश्मीभूत कीटकांचाच अभ्यास करायचे ठरवले. हा मुलगा पुढे हार्वर्डमध्ये त्या विषयाचा जगन्मान्य प्राध्यापक झाला. ते फुलपाखरू आणि स्कडर यांनी वर्णन केलेले कितीतरी पंख त्याच्या देखरेखीखाली आले. ज्यांना कधी भेटलो नाही अशा गुरूंचा विद्यार्थी होता येते, त्याचे हे उदाहरण.

आता एक कबुली. अनेक वर्षांपूर्वी विज्ञानाच्या बाई रजेवर असताना पाचवीचा वर्ग काही दिवस माझ्याकडे होता. जास्वंदीच्या फुलाचे चित्र काढा, असे मी सांगितले. एका मुलीने पाकळ्यांची दाटी असलेले फूल काढले. पुस्तकात जास्वंदीला पाच पाकळ्या दिल्या होत्या. मी लाल रेघ मारली आणि गुण कापले. मुलगी काही बोलली नाही. पुढे कित्येक आठवड्यांनी शाळेच्या मागच्या कुंपणाशी उभी असताना माझे लक्ष तेथील झुडपाकडे गेले. ती दुहेरी जास्वंद होती, पाकळ्यांनी गच्च भरलेली. मुलीने पुस्तक पाहिले नव्हते, फूल पाहिले होते. मी फूल पाहिले नव्हते, पुस्तक पाहिले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी तिची वही मागून घेतली, लाल रेघेखाली माझी चूक लिहून सही केली आणि सर्व मुलांना कुंपणाशी नेले. त्या मुलीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले, ते आजवर मला मिळालेल्या कोणत्याही पुरस्काराहून मोठे आहे.

साठ वर्षांत या शाळेतून हजारो मुले बाहेर पडली. महाराष्ट्रापासून दूर, भोवती दुसरी भाषा बोलली जात असताना मराठीतून शिकून त्यांनी काय मिळवले, असा प्रश्न पालक आजही मला विचारतात. गुणांचे आणि पदांचे आकडे या स्मरणिकेत इतरत्र आहेत. माझे उत्तर छोटे आहे. जे समोर आहे ते नीट पाहावे, पाहिले तेवढेच सांगावे, अनुमान असेल तर ते अनुमान आहे असे सांगावे, आणि चुकलो तर ते इतरांना दाखवता येईल असे काम ठेवावे. हे ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत सर्वांत आधी आणि सर्वांत खोल रुजते. माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच, की कधी शाळेत आलात तर मागच्या कुंपणाशी जरूर जा. झुडूप अजून आहे. पाकळ्या मोजून पाहा.